विमानाला भरवलेला गूळ

"पोरी, सगळ्या विमानाला हळद लाव, हार घाल, नारळ फोड, माझं काही म्हणणं नाही. फक्त ह्या नळीला हात लावू नकोस."

साहेब हे सांगत होते तेव्हा मी साक्षीचं कपाळ चाचपत होते. साक्षी माझी मुलगी, दीड वर्षाची. श्रावणात तिला तापात आकडी आली होती आणि तेव्हापासून माझा हात सारखा तिच्या कपाळावर असायचा. "व्हय साहेब," मी म्हटलं. माझ्यापुरता विषय संपला.

ह्या विमानाला एकावर एक असे दोन पंख. ते जोडणारे लाकडी खांब असतात, त्यांतल्या एका खांबाला दोन बारीक नळ्या बसवलेल्या. एक उघड्या तोंडाची, लहान मुलाच्या करंगळीचं टोक जेमतेम शिरेल एवढी. पुढून वारा तिच्यात घुसतो आणि त्या दाबावर चालकापुढचा काटा वेग दाखवतो. हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेय, वारणानगरला. त्या नळीची आकृती काढून मार्क घेतलेत. लग्नानंतर शाहूवाडीच्या डोंगरात भात लावायला आले तरी आकृती विसरले नव्हते.

आमच्या गावाच्या वर माळ आहे आणि माळावर जुनी धावपट्टी. कुणी म्हणतं संस्थानच्या काळातली, कुणी म्हणतं युद्धातली. गावानं तिच्यावर नाचणी मळली, वरातीच्या गाड्या लावल्या. मग एका उन्हाळ्यात साहेब ट्रक घेऊन आले. विजयसिंह त्यांचं नाव, हवाई दलातून निवृत्त झालेले, कोल्हापुरात शाहूपुरीत एकटे राहणारे. ट्रकमध्ये लाकडाच्या फासळ्या, गंजलेल्या नळ्या, दोन चाकं आणि एक लांबलचक पंखा होता. शेजारचे हंबीरराव बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "मळणी मशीन हाय जुनं. म्हातारा फसलाय."

ते युद्धाच्या दिवसांतलं सैन्याचं शिकाऊ विमान होतं. साहेब त्याला म्हातारी म्हणायचे. कितीतरी पोरं त्याच्यावर उडायला शिकली. पुढच्या खोपीत, म्हणजे बसायच्या खळग्यात, शिकवणारा, मागच्या खोपीत शिकणारा, मध्ये बोलायला नुसती रबराची नळी. एकानं ते झाडावर घातलं, एकानं उतरवताना शेपटी मोडली. दरवेळी पंख बदलले, कापड बदललं आणि दुसऱ्या दिवशी दुसरं पोरगं बसवलं. स्वातंत्र्यानंतर सैन्याला नवी विमानं आली तेव्हा ही एका उड्डाण क्लबात गेली. तिथं साहेब मिसरूड फुटायच्या वयात तिच्यावरच शिकले. पुढे क्लब मोडला. पार्श्वनाथ म्हणून साहेबांचे शाळेतले दोस्त, शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत. त्यांच्या गोदामात गुळाच्या रव्यांमागं, म्हणजे ढेपांच्या थप्पीमागं, म्हातारी वर्षानुवर्षं पडून होती.

"मुंग्यांनी खाल्ली नाही हेच नशीब," साहेब म्हणायचे.

माझा नवरा कृष्णात तेव्हा ट्रॅक्टर आणि मळणी मशीन दुरुस्त करायचा. साहेबांनी त्याला बोलावून इंजिन दाखवलं. कृष्णातनं चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "सायेब, ह्ये उलटं बसवलंय." साहेब हसले. "उलटंच असतं बाबा ते." त्या दिवसापासून कृष्णात त्यांचा झाला.

मीही झाले. पंखांना लिननचं कापड चढवायचं होतं आणि ते प्रत्येक फासळीला शिवायचं होतं. वीतभर सुई, मेण लावलेला दोरा. पंख उभा करायचा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कृष्णात. मी सुई आत घालायची, त्यानं पलीकडून ओढायची, गाठ मारून परत माझ्याकडं लोटायची. पंखातून एकमेकांचं तोंड दिसत नाही. नुसती सुई यायची. साक्षी तेव्हा माझ्या पोटात होती. माझी बोटं सोलली, पाठ धरली, पण शिवण अशी पडली की साहेबांनी तिच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवला. वरून रोगण मारलं की कापड आवळायचं आणि टिचकी मारली की हलगीसारखं वाजायचं.

सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, म्हणायच्या, "एवढं मन लावून माझं एक पोलकं शिवलं असतंस तर."

म्हातारी उडाली. साहेब तिला माळावरून दोन फेऱ्या मारून खाली आणायचे. पण परवानगी तात्पुरती होती. दसऱ्यानंतर विमान खात्याचे लोक येणार, विमान बघणार, साहेबांना उडवायला लावणार आणि मग कायमचा कागद देणार होते. त्यात कृष्णातचंही काम होतं. बाहेरगावच्या एका उड्डाणशाळेत मदतनिसाची जागा निघाली होती आणि साहेबांनी त्याचं नाव घातलं होतं. शाळावाल्यांनी सांगितलं होतं, तुमचं विमान खात्याकडून पास होऊ द्या, मग बघू. ज्याच्या हातातलं विमान नापास झालं त्याला दुसऱ्या विमानाला कोण हात लावू देणार.

खंडेनवमीला आमच्या घरात अवजारांना घास देतात. हळदकुंकू सगळेच लावतात. आमच्यात त्याच्या पुढची रीत आहे. ज्या अवजाराला तोंड आहे त्याच्या तोंडात हळदीत कालवलेला गुळाचा खडा ठेवायचा. विळ्याच्या धारेला, जात्याच्या मुखात, पाण्याच्या मोटारीच्या तोंडाशी, कडबा कापायच्या यंत्रात. वर्षभर राबतंय, एक दिवस खाऊ दे, असं आत्ती म्हणतात.

त्या दिवशी सकाळी आम्ही ताट घेऊन माळावर गेलो. कृष्णात आंब्याची पानं आणायला गेला होता, साहेब अजून कोल्हापुरातून यायचे होते. आत्तींनी म्हातारीला पुढून मागून बघितलं.

"ह्याचं त्वांड कुठलं गं?"

"आत्ती, विमानाला तोंड नसतं."

"मग खातंय काय? वारं खातंय म्हणालतास तुमी."

मी हसले. हसता हसता माझा हात त्या खांबाकडं गेला. नळीवर मीच शिवलेली लाल खोळ होती. आत्तींनी ती उचकटून बघितली.

"ह्ये बघ की. त्वांडच हाय. साक्षीच्या हातनं घास दे. पोरीच्या हातनं खाल्लं तर पोरीवरचं इघ्न ह्ये घिऊन जाईल वर."

साहेबांचं वाक्य मला आठवलं. आठवलं नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण साक्षीला आदल्या संध्याकाळी परत कणकण होती आणि रात्रभर मी तिच्या श्वासावर कान ठेवून पडले होते. तिच्यावरचं काहीतरी कुणीतरी वर घेऊन जाईल, ह्या बोलण्यापुढं आकृती टिकली नाही. आणि मनात दुसरंही होतं की गुळाचा एवढासा खडा, लगेच पुसून टाकू.

साक्षीला कडेवर उचलून मी तिचं बोट ताटातल्या हळदगुळात बुडवलं आणि नळीच्या तोंडाशी नेलं. तिला गंमत वाटली. तिनं बोट आत सारलं. मी ओढलं तेव्हा बोट स्वच्छ बाहेर आलं. गूळ आत राहिला होता.

मी पदराच्या टोकानं नळीचं तोंड पुसलं. पदर पिवळा झाला आणि मला वाटलं, निघालं. खोळ परत चढवली. साहेब आले, नारळ फुटला, कृष्णातनं पंख्याला हार घातला. साक्षीला त्यानंतर ताप आला नाही. आत्ती आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या.

भात कापणीला आलं होतं. दसरा झाला तरी परतीचा पाऊस हलत नव्हता. सकाळी ऊन, दुपारनंतर काळं व्हायचं, रात्रभर झिमझिम. कापलेलं भात खाचरातच भिजायचं, पेंढ्या उलटून वाळवायच्या, परत भिजायच्या. माझ्या बोटांच्या बेचक्या चिखल्यांनी फुटल्या होत्या. घरात मीठ ओलं, पापड मऊ. डब्यातल्या गुळाला पाणी सुटलं होतं. तो डबा मी रोज उघडत होते. गूळ पाघळलेला रोज बघत होते. आणि माळावरच्या नळीची आठवण मला एकदाही झाली नाही.

खात्याचे दोघं आले त्या दिवशी मळभ होतं पण वारा पडलेला. एक मराठी बोलणारे, एक हिंदी. सगळा गाव माळावर. हंबीररावांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "पावणं, पास करा. आमच्या गावात दुसरं बघण्यासारखं काय न्हाय."

पावसामुळं खंडेनवमीनंतर म्हातारी उडालीच नव्हती. उडायच्या दिवशी सकाळी नळीची खोळ काढायची आणि तोंडात काही अडकलंय का बघायचं, हे कृष्णातचं काम. त्या दिवशी खोळ काढताना हिंदीवाल्यांनी त्याला इंजिनापाशी हाक मारली. त्यानं खोळ ओढली, खिशात घातली आणि तसाच गेला.

त्यानं पंखा हातानं फिरवला, इंजिन सुरू झालं. साहेब मागच्या खोपीत एकटे. म्हातारी शेपटी उचलून धावली आणि गेली वर. खालून मला माझी शिवण दिसत होती, किंवा दिसतेय असं वाटत होतं. साक्षी टाळ्या पिटत होती.

तिसऱ्या फेरीला उतरायचं होतं. ती खाली येत होती, नेहमीसारखी, आणि मग नाक आणखी खाली गेलं. इंजिनाचा आवाज वाढला. कृष्णात माझ्याशेजारी उभा होता. तो हळू म्हणाला, "का ओ सायेब?" जणू साहेब शेजारीच होते.

ती पट्टीवर आली तीच फार वेगात. चाकं टेकेनात. पट्टी संपत आली तेव्हा टेकली. ह्या विमानाला ब्रेक नसतात. माळाच्या कडेवरून ती खाली हंबीररावांच्या खाचरात उतरली, ओल्या भातात चाकं रुतली आणि शेपटी डोक्यावरून जाऊन ती पलटी झाली. आवाज मोठा नव्हता. टोपलं मोडल्यासारखा.

सगळे पळाले. मी साक्षीला आत्तींच्या अंगावर टाकून पळाले. साहेब पट्ट्यांना उलटे लटकले होते, डोकं भाताच्या लोंब्यांना लागत होतं. पेट्रोल ठिबकत होतं. "कुणी बिडी ओढू नका रे," ते उलटेच म्हणाले. कृष्णातनं चिखलात पाठीवर झोपून त्यांना छातीवर घेतलं आणि कुणीतरी विळ्यानं पट्टे कापले. त्यांचा उजवा पाय मांडीपासून भलतीकडंच वळला होता.

"काटा पडला रे," ते कृष्णातला म्हणाले. "उतरताना काटा एकदम पडला. मला वाटलं वेगच गेला, आता ही कोसळणार. नाक खाली घातलं."

मी तिथंच, गुडघाभर चिखलात उभी होते. नळीतला गूळ डब्यातल्यासारखाच पाघळून सरकला असणार, वाऱ्याची वाट बुजली असणार, म्हणून काटा पडला. साहेबांना दरवाजाच्या फळीवर घालून नेलं तरी मी हलले नाही. हंबीरराव म्हणाले, "रूपाली, काय बघालीस? भात माझं गेलंय, तुझं न्हाय."

मोडलेली म्हातारी बैलांनी आणि ट्रॅक्टरनं ओढून आमच्या अंगणात आणली, कारण दुसरीकडं ताडपत्री नव्हती. खात्याचे लोक सांगून गेले की साहेब दवाखान्यातून सुटले की चौकशीला येऊ, तोवर कशालाही हात लावायचा नाही. वरचा पंख चुरलेला, कापड फाटून चिखलानं माखलेलं. नळीचा खांब मात्र शाबूत होता. त्याच अंगणात आम्ही भात वाळत घालायचो. कोंबड्या पुढच्या खोपीत जाऊन बसायला लागल्या.

पहिल्या दिवशीच मी बघितलं. ताडपत्रीच्या कडेनं मुंग्यांची ओळ खांबावर चढत होती. वर, नळीच्या तोंडापर्यंत, आणि आत.

मी कृष्णातला गोठ्यात गाठलं. तो धार काढत होता. मी सगळं सांगितलं. साक्षीचं बोट, पदर, सगळं. चरवीतला आवाज थांबला.

"सायबानी सांगितलं हुतं न्हवं तुला?"

"व्हय."

"मग?"

त्यानं कपाळ म्हशीच्या पोटाला टेकवलं. तसाच म्हणाला, "मी सकाळी बघाय पायजे हुतं. खोळ वडली आन् गेलो. बघितलंच न्हाय मी."

आत्ती दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. "त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "सुई घाल आन् काढ भाईर. तुझ्याकडं वीतभर सुई हाय की."

"हात लावायचा न्हाय आई."

"आरं, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. सायेब पडलं त्ये पडलं, वर आनि खोटं करू का?"

आत्ती माझ्याकडं बघून बोलल्या, "आन् देवाचा घास दिल्यानं कुणी पडतंय व्हय? माझ्या सासूपासनं देतूय आमी. मोटर कवा बंद पडली?" पण त्या दिवसापासून त्या ताडपत्रीकडं पाठ करून बसायच्या आणि जेवताना पहिला घास त्यांच्या हातात बराच वेळ राहायचा.

ती सुई माझ्या ट्रंकेत होती. भात पाखडताना, साक्षीला पाजताना, मला ती दिसायची. दुपारी सगळे खाचरात गेले की अंगणात मी आणि म्हातारी. एकदा सुई हातात घेऊन मी खांबापर्यंत गेले. कृष्णातला नाही म्हणायला तोंड होतं, त्यानं मान वर करून नाही म्हटलं. माझं तसं नव्हतं. मला त्याची नोकरी वाचवायची होती, साहेबांसमोर उभं राहायचं टाळायचं होतं आणि पोरीच्या बोटाचं नाव कुठं निघू नये असं वाटत होतं. तिन्ही एकदम. सुईचं टोक नळीत गेलं. आत काहीतरी चिकट लागलं. तेवढ्यात साक्षी पाळण्यात खोकली आणि मी सुई काढून घेतली. टोकावर एक मेलेली मुंगी होती. मी ती पदराला पुसली.

मी काढलं नाही, हे खरं. पण म्हणून मी कृष्णातच्या रांगेत बसत नाही.

चौकशीच्या दिवशी पार्श्वनाथांच्या गाडीतून साहेब आले. पाय कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये, म्हणून मागच्या सीटवर आडवे. त्यांना उतरवून अंगणात बाजेवर ठेवलं. एवढ्याशा दिवसांत त्यांची मान बारीक झाली होती. त्यांनी म्हातारीकडं बघितलं नाही, साक्षीकडं बघितलं. "ताप नाही ना आता?" त्यांनी विचारलं. "न्हाय साहेब." "बरं झालं."

खात्याच्या दोघांनी इंजिन बघितलं, तारा ओढून बघितल्या, पायाखालच्या दांड्या हलवल्या. सगळं नीट होतं. मग मराठीवाल्यांनी नळीत तार घातली. तार अडली. त्यांनी फिरवून ओढली तसा एक काळपट पिवळा गोळा बाहेर आला, मुंग्यांसकट. त्यांनी तो तळहातावर घेतला.

"हे काय आहे?"

कृष्णात पुढं झाला. त्याचा ओठ हलला. त्याच्या आधी मी बोलले. "साहेब, मी सांगते. खंडेनवमीला..."

"पोरी, गप बस तू." साहेबांचा आवाज बाजेवरून आला. इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. "बायकांनी मध्ये बोलायची ही जागा आहे का? तुला विमानातलं काय कळतं?"

अंगणात गाव जमलं होतं. कुणीतरी हसलं. माझी कानशिलं तापली.

"इकडं आणा ते," साहेब म्हणाले. मराठीवाल्यांनी गोळा त्यांच्या हातावर ठेवला. साहेबांनी तो अंगठ्यानं चुरला. "माती आहे ही. कुंभारमाशी. भोक दिसलं की घर करते. त्या सकाळी मी स्वतः बघितली होती. म्हटलं एवढ्यानं काय होतंय. हा पोरगा म्हणत होता की साहेब काढू या, मीच नको म्हटलं."

"आपने देखा था? और फिर भी उड़ाया?" हिंदीवाल्यांनी विचारलं.

"देखा था."

"सायेब," कृष्णात म्हणाला.

"तूही गप."

साहेबांनी हात प्लास्टरला पुसला. पांढऱ्या प्लास्टरवर पिवळा ओरखडा उठला, हळदीचा उठतो तसा. मराठीवाले तो बघत राहिले. त्यांच्या घरीही कुणीतरी हळद लावत असणारच. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कडेवरच्या साक्षीकडं बघितलं, आणि मग वाकून त्यांनी साहेबांना विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, हे तुमच्या नावावर गेलं की परत उडता यायचं नाही?"

"वय झालंच की माझं," साहेब म्हणाले. "लिहा."

त्या वेळी मी परत बोलू शकले असते. गप बस म्हटलं म्हणून गप बसणारी मी नाही, हे माझ्या सासरच्यांना विचारा. मी साक्षीचं डोकं खांद्यावर दाबून धरलं होतं आणि छातीत काहीतरी मोकळं झालं होतं. सुटलो, असं वाटत होतं. ते मला अजून विसरता येत नाही. साहेबांच्या ओरडण्यापेक्षा ते जास्त लागतं.

त्यांना गाडीत घालताना मी त्यांचा प्लास्टरचा पाय धरला होता. कुणी ऐकत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, का केलंत?"

"विमान मी चालवत होतो," ते म्हणाले. "काटा पडला तरी वाऱ्याच्या आवाजावरून वेग कळतो. पोरांना मी हेच शिकवलं आयुष्यभर. त्या दिवशी मी ऐकलं नाही, काट्याकडं बघितलं. तुझा गूळ होता, पण पलटी मी मारली." मग थोडं थांबून, "आणि आता मला भेटायला येऊ नका. तुम्ही रडत आलात की लोक विचारतील कशाला रडताय."

कृष्णातला जागा मिळाली. साहेबांनी जबाबात म्हटलं होतं की हा पोरगा नको म्हणत होता, त्यामुळं तर ती आणखी पक्की झाली. म्हणजे जे त्यानं केलं नाही त्याचीच त्याला नोकरी मिळाली. तो ती करतो. रोज सकाळी प्रत्येक विमानाच्या नळीपाशी इतका वेळ उभा राहतो की बाकीचे त्याला हसतात. घरी आला की सांगत नाही, पण मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. आम्ही आता लांब राहतो, कोल्हापूरहून रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर. आत्ती गावीच आहेत. ह्या खंडेनवमीला त्यांनी सगळ्या अवजारांना हळद लावली, घास कुणालाच दिला नाही. मी फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "इसरले." आत्ती काही विसरत नाहीत.

म्हातारी साहेबांनी भंगारात देऊ दिली. लाकूड हंबीररावांनी नेलं. कापड मी आणलं नाही.

साहेब फोन उचलत नाहीत. आधी उचलायचे, "बरा आहे" म्हणून ठेवायचे. पार्श्वनाथ मुलीकडं पुण्याला गेले, अडतीवर आता त्यांचा मुलगा सम्मेद बसतो, साहेब त्याच्याच दुकानाच्या वर राहतात. तो म्हणतो, "वैनी, साहेब खाली उतरत न्हाईत आता. डबा वर पाठवतो. परवाचा डबा तसाच परत आला." डॉक्टर बोलावू का म्हटलं तर साहेबांनी त्याला हाकललं. सम्मेद चांगला आहे, पण दुकानाचा माणूस, आणि हाकललेला माणूस परत किती वेळा जाणार. कृष्णातला सुट्टी लागत नाही, साक्षीला घेऊन मी एकटी निघाले तर साहेब दार उघडणार नाहीत, हे मला माहीत आहे.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कुणी शाहूपुरीत राहत असेल, बाजाराला जात असेल, तर जरा वाट वाकडी करा. गुळाच्या अडतींच्या मागची गल्ली, सम्मेदचं दुकान विचारा, कुणीही सांगेल. जिना बाहेरून आहे, दुसरा मजला. पायऱ्या अरुंद आहेत आणि कठड्याचा एक गज सुटलाय, सांभाळून. दार वाजवलं की लगेच उघडणार नाही. निघून जाऊ नका. कुबड्या शोधून उठायला त्यांना वेळ लागतो, आणि उठायचं की नाही हे ठरवायला आणखी. माझं नाव सांगू नका. घर भाड्यानं बघायला आलोय म्हणा, मीटर बघायला आलोय म्हणा, काहीही म्हणा. तुमच्यावर खेकसले तर चांगलं आहे. दाराबाहेर डबा भरलेला दिसला आणि आतून आवाज आला नाही, तर खाली सम्मेदला हाक मारा आणि दोघं मिळून दार ढकला. ते साधंच दार आहे, एका धक्क्यात उघडेल. आजच जमलं तर बघा.